पऱ्हाटी कोणाची?

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की पांढरकवड्याच्या आसपासची वावरे ओकीबोकी दिसू लागतात. काळ्या जमिनीवर उरते ती फक्त पऱ्हाटी. पुढच्या दीड-दोन महिन्यांत तिचीही विल्हेवाट लागते. काही शेतकरी ती उपटून धुऱ्यावर रचतात आणि एखाद्या संध्याकाळी पेटवून देतात. मग रात्रभर तो धूर गावावर तरंगत राहतो. काही जण ‘उपटा आणि न्या’ या बोलीवर ती मजुरांच्या स्वाधीन करतात. अशा वेळी दिवस कलताना डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायांची रांग गावाकडे परतताना दिसते. घरामागे रचलेली ही पऱ्हाटी पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, आणि झाकून ठेवता आली तर त्याही पुढे, त्यांच्या चुलीला पुरते.

अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात या व्यवहाराची नोंद नाही. त्याला भाव नाही, पावती नाही, करही नाही. आणि ज्याला भाव नाही ते फुकट, जे फुकट ते वायाच जात असले पाहिजे, असे मानण्याची आमच्या शास्त्राची जुनी खोड आहे. प्रस्तुत लेखकाने ही खोड आयुष्यभर वर्गात शिकविली, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

ती खोड मोडली एका प्रश्नाने. काही वर्षांपूर्वी तालुक्यातील एका खेड्यात कार्यकर्त्यांनी बैठक बोलावली होती. शेतातील काडीकचऱ्यापासून वीज करता येते, त्यातून शेतकऱ्याला चार पैसे मिळतील, कोळसा वाचेल, धूर कमी होईल, असे मी फळ्यावर आकडे मांडून समजावून सांगत होतो. मागे बसलेल्या एका वयस्क मजूर बाईने विचारले, “गुरुजी, हे सारी पऱ्हाटी कारखान्यात गेली त आमी चुलीत काय घालाचं?” बैठकीत हशा पिकला. मलाही हसू आले. मात्र घरी येऊन पुन्हा आकडे मांडायला बसलो तेव्हा लक्षात आले, की माझ्या सगळ्या गणितात त्या बाईची चूल कुठेच नव्हती. हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर आहे.

नव्या गिऱ्हाइकाची भूक

हा प्रश्न आज तातडीचा होण्याचे कारण असे, की पऱ्हाटीला आता मोठे गिऱ्हाईक मिळण्याची चिन्हे आहेत. केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये एक धोरण जाहीर केले. कोळशावर चालणाऱ्या औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात पाच टक्क्यांच्या प्रमाणात शेतीतील काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट, मिसळून जाळाव्यात, आणि त्यांच्या पुरवठ्याचे करार दीर्घ मुदतीचे असावेत, असा त्याचा मथितार्थ. पुढे त्यात फेरफार झाले. दिशा मात्र बदललेली नाही. उत्तर भारतात तणस जाळल्याने दिल्लीचा श्वास कोंडतो, ही त्यामागची तातडीची प्रेरणा. ती चुकीची आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु पंजाबच्या वावरातील तणस आणि केळापूर तालुक्यातील पऱ्हाटी यांत एक मूलभूत फरक आहे. पंजाबात ते तणस बहुतांशी कोणालाच नको असते. आपल्याकडे पऱ्हाटी निम्म्या गावाला हवी असते. एकाच नियमाने दोन्ही मोजणे म्हणजे समानतेच्या नावाखाली अन्याय करणे होय.

आता थोडे आकडे पाहू. वाचकांनी कंटाळू नये. कापसाच्या एका हेक्टरातून साधारणतः दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. आपल्या कोरडवाहू जमिनीत दोन टनच धरणे शहाणपणाचे. यवतमाळ जिल्ह्यात चार लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर कापूस होतो. म्हणजे जिल्ह्याची पऱ्हाटी झाली सुमारे आठ लाख टन. आकडा ऐकून कोणाही नियोजनकाराचे डोळे दिपतील.

परंतु शेजारच्या चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचे आहे. ते सत्तर टक्के क्षमतेने चालले आणि दर युनिटामागे सातशे ग्रॅम कोळसा लागला असे धरले, तर वर्षाला सव्वा कोटी टन कोळसा होतो. त्याचे पाच टक्के म्हणजे सव्वासहा लाख टन. अर्थात चंद्रपूर केंद्र केवळ पऱ्हाटीच मागेल असे नाही. तुराट्या, भाताचे तणस, सोयाबीनचे कुटार हेही त्यात येईल. तरीही एका वीज केंद्राच्या पाच टक्क्यांची भूक अख्ख्या यवतमाळ जिल्ह्याच्या तीन-चतुर्थांश पऱ्हाटीएवढी आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. राहिलेले पंचाण्णव टक्के कोळशाचेच. वणीच्या खाणींची धूळ त्यामुळे कमी होईल असे समजण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल, मोठे केंद्र नको, तालुक्यातच दहा मेगावॉटचा स्वतंत्र प्रकल्प उभारू. त्याचाही हिशेब करू. अशा लहान वाफेच्या प्रकल्पात एका युनिटाला सुमारे सव्वा किलो कोरडी पऱ्हाटी लागते. म्हणजे वर्षाला जवळजवळ नव्वद हजार टन. शेतातली निम्मी पऱ्हाटी जरी गोळा करता आली, तरी नव्वद हजार हेक्टरांचा कापूस हवा. तो जिल्ह्याच्या कापूस क्षेत्राचा पाचवा हिस्सा झाला. आणि एवढे करून मिळणारी वीज चंद्रपूर केंद्राच्या क्षमतेच्या जेमतेम तीनशेव्या भागाएवढी.

आता दुसऱ्या बाजूची भूक पाहा. साध्या मातीच्या चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या आणि आंघोळीचे पाणी तापविणाऱ्या कुटुंबाला दिवसाला पाच किलो सरपण लागते असे धरले, तर वर्षाला अठराशे किलो झाले. एक हेक्टर पऱ्हाटी म्हणजे एका घराची वर्षाची चूल. दहा मेगावॉटचा प्रकल्प म्हणजे पन्नास हजार चुली. त्या बाईने एका वाक्यात विचारलेले गणित ते हेच.

चूल विझली तर पाय कुठे वळतील?

पऱ्हाटी मिळाली नाही तर सरपणासाठी पाय जंगलाकडे वळणार, हे पांढरकवड्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. या भागात जंगल म्हणजे काय, हे साऱ्या देशाने २०१८ साली पाहिले. पांढरकवडा वनविभागात टी-१ या वाघिणीमुळे दोन वर्षांत तेरा माणसांचे बळी गेल्याचे सांगितले जात होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीच्या परिसरात ती वाघीण मारली गेली. तिला मारावे की नाही यावर शहरांतून पुष्कळ चर्चा झाली. गुरे चारायला आणि सरपण आणायला जंगलाच्या कडेला जाणे ज्यांना टाळता येत नव्हते, त्यांच्या चुलीची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

वाघाचे रक्षण व्हावे असे मानणाऱ्यांनी आणि कोळसा कमी जळावा असे मानणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. गरिबाच्या चुलीला शेतातून मिळणारे इंधन हे जंगलाचे सर्वांत स्वस्त कुंपण आहे. ते काढून कारखान्याला दिले, तर कारखान्याच्या धुराड्यावर ‘स्वच्छ’ असा शिक्का बसेल आणि त्याची किंमत कोलामाच्या पोडावर वा मजुरांच्या वस्तीत कोणी तरी बाई मोजत राहील.

स्वच्छ जळणे म्हणजे काय?

पण म्हणून आहे ते बरे आहे, असे म्हणणे हाही ढोंगीपणाच होईल. आजची चूल स्वच्छ नाही. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच धूर मोजण्याची साधने बसवून पाहिले, तेव्हा शहरांतल्या प्रदूषणाची चर्चा करणाऱ्यांना धक्का बसला. सर्वांत विषारी हवा कारखान्याच्या दाराशी नव्हती, स्वयंपाकघरात होती. ज्या बाईच्या चुलीचा हक्क आम्ही मागतो, तिच्या छातीतल्या धुराकडे दुर्लक्ष करण्याचा अधिकार आम्हाला नाही.

पऱ्हाटी धूर का करते? लाकूड वा काडी तापली की तिचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग प्रथम वायुरूपाने बाहेर पडतो. त्या वायूला पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली तर त्याची ज्योत होते. न मिळाली तर तोच धूर आणि काजळी होऊन बाहेर जातो. काडी ओली असेल तर बरीचशी उष्णता पाणी उडविण्यातच खर्च होते आणि ज्योत थंडावते. तेव्हा स्वच्छ जाळण्याच्या अटी तीनच: काडी वाळलेली हवी, तुकडे लहान आणि सारख्या आकाराचे हवेत, आणि ज्योतीच्या वर दुसऱ्यांदा हवा मिळाली पाहिजे. ताजी उपटलेली पऱ्हाटी निम्मी पाण्याने भरलेली असते. उन्हात काही आठवडे नीट वाळविली तर ते प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांवर येते. वाळलेल्या पऱ्हाटीची उष्णता किलोमागे सुमारे चार हजार किलोकॅलरी, म्हणजे वीज केंद्रात जळणाऱ्या आपल्याकडील साधारण कोळशाच्या तोडीची. राख मात्र त्या कोळशाच्या कितीतरी कमी. इंधन म्हणून पऱ्हाटी हलकी नाही. हलकी आहे ती तिला जाळण्याची आपली पद्धत.

त्या इंधनातून आपण काय मिळवतो, हाही प्रश्न आहे. साध्या चुलीत शंभर भाग उष्णतेतले दहा-पंधरा भाग भांड्यापर्यंत पोहोचतात. चांगल्या बांधणीच्या चुलीत ते पंचवीस-तीस होतात. मोठ्या बंदिस्त भट्टीत वा बॉयलरमध्ये सत्तर-पंचाहत्तर भाग उष्णता कामी येते. आणि लहान वीज प्रकल्पात? वीस-पंचवीस भागांची वीज होते, पाऊण उष्णता हवेत जाते. म्हणजे ज्याला उष्णताच हवी आहे, त्याने काडी जाळून आधी वीज करणे आणि मग त्या विजेवर पाणी तापविणे हे तूप विकून तेल घेण्यासारखे आहे. वीज आज उन्हातूनही होते, आणि विदर्भात ऊन कमी नाही. भाकरीखालचा जाळ आणि वसतिगृहातल्या शंभर मुलांच्या वरणाखालचा जाळ यांसाठी मात्र पऱ्हाटीसारखे दुसरे साधन दाराशी नाही.

म्हणून क्रम उघड आहे: आधी चूल, मग भट्टी, शेवटी वीज. आज धोरण नेमके उलट्या क्रमाने चालले आहे.

साखर कारखान्याचे उदाहरण लागू का पडत नाही

या ठिकाणी पश्चिम महाराष्ट्राकडे बोट दाखविले जाते. तिकडच्या साखर कारखान्यांनी बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, सहवीज निर्मितीचे प्रकल्प उभे केले. राज्यातील अशा प्रकल्पांची क्षमता दोन हजार मेगावॉटच्या पुढे गेली. मग कापसाच्या मुलखात ते का होऊ नये? उत्तर सोपे आहे. उसाचे चिपाड कारखान्याच्या दारात आपोआप जमते, कारण ऊस साखरेसाठी तिथवर आणलेलाच असतो. वाहतुकीचा खर्च साखरेने केलेला असतो. शिवाय तीच वाफ आधी वीज करते आणि उरलेली उष्णता रस आटविते. उष्णता वाया जात नाही. कापसाचे तसे नाही. कापूस जिनिंगला जातो, पऱ्हाटी हजारो वावरांत विखुरलेली राहते. ती सैल आणि फुगीर. कोळशाचा दहा टनांचा ट्रक सैल पऱ्हाटीने भरला तर दोन-तीन टनांतच शीग लागते. तिचे तुकडे करा, दाबा, गोळ्या करा, तेव्हा ती प्रवासाला योग्य होते. आणि त्यासाठी यंत्र, वीज आणि भांडवल लागते.

आणखी एक फरक आहे, तो अधिक महत्त्वाचा. साखर कारखाना, त्याच्या साऱ्या दोषांसह, निदान कागदावर तरी ऊस उत्पादकाच्या मालकीचा होता. पऱ्हाटीच्या प्रकल्पाचा मालक कोण असणार? करार होईल वीज केंद्र आणि पेलेट कारखानदार यांच्यात. कारखानदार अडत्या नेमील, अडत्या गावात मुकादम नेमील. वरचा भाव करारात ठरलेला. तेव्हा जो काही ताण येईल तो खाली धुऱ्यावर येईल. आणि मागणी वाढून भाव चढला तर? मग प्रकल्पच तोट्यात जातो. महाराष्ट्रात आणि शेजारच्या आंध्र-तेलंगणात काडीकचऱ्यावरचे कित्येक खासगी वीज प्रकल्प याच पेचात सापडले: इंधन स्वस्त होते तोवर कोणी विकायला नव्हते, विकणारे तयार झाले तेव्हा ते स्वस्त राहिले नाही.

यवतमाळच्या शेतकऱ्याला हा अनुभव नवा नाही. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेकडे आपल्या चळवळीने मोठ्या आशेने पाहिले होते. व्यापाऱ्याची पकड सुटावी आणि शेतकऱ्याला हमीचा भाव मिळावा, हे तिचे उद्दिष्ट योग्यच होते. पण चुकाऱ्याला लागणारा विलंब, प्रतवारीतले वाद आणि वाढता तोटा यांनी ती आतून पोखरली आणि नव्या शतकाच्या आरंभी तिची मक्तेदारी संपली. त्यातून घ्यायचा धडा असा नव्हे, की सार्वजनिक खरेदी चुकीची. धडा असा, की खरेदी जेवढी दूर जाते तेवढा तिचा मालक दूर जातो. पऱ्हाटीची व्यवस्था तालुक्याच्या आत राहिली पाहिजे.

तालुका हे ऊर्जेच्या स्वावलंबनाचे एकक मानावे, असा विचार महाराष्ट्रात यापूर्वी मांडला गेला आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे डॉ. अनिल राजवंशी यांनी फलटण तालुक्याचे उदाहरण घेऊन १९९० च्या दशकात तो आग्रहाने मांडला. आमचा तालुका फलटणसारखा बागायती नाही, हे खरे. पण एकक योग्य आहे: बैलगाडीने वा ट्रॅक्टरने सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल एवढेच अंतर.

जुन्या चुलींचा धडा

चूल सुधारण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही, आणि तो जन्मला शेजारच्या वर्ध्यातच. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडीतून १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ पुढे आली. त्याच मगनवाडीत काम केलेल्या जे. सी. कुमारप्पांनी साठ्यावर चालणारे अर्थकारण आणि निसर्गाच्या वार्षिक ओघावर चालणारे अर्थकारण यांतला भेद दाखवून दिला. कोळसा हा साठा. पऱ्हाटी हा ओघ. विचार पक्का होता. व्यवहारात मात्र आपण कमी पडलो.

१९८३ साली सुरू झालेला राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम जवळजवळ वीस वर्षे चालला. देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्याची नोंद झाली. बसविलेल्या चुली मोजल्या गेल्या, दोन वर्षांनंतर पेटत असलेल्या मोजल्या गेल्या नाहीत. गवंडी घाईने शिकविले, धुरांडे साफ कोणी करायचे ते ठरले नाही, तडा गेला तर दुरुस्तीला माणूस नव्हता, आणि चुलीचे तोंड बाईच्या भांड्याच्या मापाचे आहे की नाही हे तिला विचारलेही गेले नाही. २००२ साली कार्यक्रम बंद झाला तेव्हा फारसे कोणी हळहळले नाही.

मग २०१६ साली उज्ज्वला योजना आली. गॅस हे स्वयंपाकाचे अधिक स्वच्छ साधन आहे, याबद्दल वाद नको. गरिबाने धुरातच राहावे आणि आपण त्याला ‘पर्यावरणस्नेही’ म्हणावे, असा विचार समाजवादी म्हणविणाऱ्याला शोभत नाही. गॅस प्रत्येक घरी परवडेल अशा भावात मिळालाच पाहिजे, ही आपली मागणी कायम आहे. परंतु पहिले सिलिंडर घरात आले म्हणून चूल विझली असे झाले नाही. हाताला काम नसलेल्या महिन्यांत सिलिंडर कोपऱ्यात उभे राहते. ज्या घरी ते नेहमी भरले जाते, तिथेही आंघोळीचे पाणी अंगणातल्या चुलीवरच तापते. तेव्हा चूल आणखी काही वर्षे जळणारच असेल, तर ती निम्म्या सरपणात आणि कमी धुरात जळावी, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.

आणि इथेच या प्रश्नातली खरी किल्ली आहे. अठराशे किलो सरपण खाणारी चूल नऊशे किलोत भागली, तर दर घरामागे नऊशे किलो पऱ्हाटी मोकळी होते. हीच खरी शिल्लक. ‘अतिरिक्त काडीकचरा’ म्हणून जो शासकीय कागदांत दाखविला जातो, तो आज गावात फार थोडा आहे; तो निर्माण करावा लागेल, आणि तो चुलीतूनच निर्माण होईल. कारखान्याला पऱ्हाटी हवी असेल तर त्याने आधी बाईची चूल सुधारावी, असा सौदा आपण का करू नये?

आक्षेप आणि उत्तरे

दोन आक्षेप विचारात घेतले पाहिजेत. पहिला जमिनीचा. पऱ्हाटी सगळी जाळली तर जमिनीला काय उरणार? हा आक्षेप गंभीर आहे. आपल्या कोरडवाहू जमिनीतला सेंद्रिय अंश आधीच कमी. म्हणून शेतातली सगळी पऱ्हाटी उचलू नये. काही भाग बारीक करून जमिनीत गेला पाहिजे, आणि भट्टीतली राख, जिच्यात पालाश असते, ती शेतात परत आली पाहिजे. राख परत आणण्याचे हे काम तालुक्यातच पऱ्हाटी जळाली तर शक्य. ती दूरच्या वीज केंद्रात कोळशाच्या राखेत मिसळली की कायमची गेली.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा: एवढी चिकित्सा करण्यापेक्षा शेतकरी जाळतो ते जाळू द्या. त्याला उत्तर बोंडअळीने दिले आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस पोखरला. फरदड घेऊ नका, पऱ्हाटी हंगाम संपताच उपटा, शेतात ढीग लावून ठेवू नका, असे कृषी शास्त्रज्ञ तेव्हापासून सांगत आहेत, कारण अळीला त्यात आसरा मिळतो. म्हणजे पऱ्हाटी वेळेवर उचलली जाण्यात शेतकऱ्याचाही स्वार्थ आहे. ज्याच्यासाठी त्याला आज मजुरी मोजावी लागते, तेच काम कोणी संघटितपणे करून चार पैसे हातावर ठेवले तर तो नाही म्हणणार नाही. शेतकरी आणि मजूर यांना एकमेकांसमोर उभे न करता दोघांचे हित साधणारे प्रश्न फार थोडे असतात. हा त्यांपैकी एक आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

केवळ टीका करून थांबणे ही आपल्याकडची एक सुखद सवय आहे. म्हणून पुढील हंगामापुरता काही कार्यक्रम सुचवितो.

पहिले, प्रत्येक शाखेने एका गावाचा पऱ्हाटीचा हिशेब ग्रामसभेत मांडावा. कापूस किती हेक्टर, चुली किती, पऱ्हाटी कुठे जाते, किती जळते, भूमिहीन घरांना कोणाच्या शेतातून मिळते. हा हिशेब हाती नसताना कोणत्याही कंपनीशी वा अधिकाऱ्याशी बोलायला जाणे म्हणजे मोकळ्या हातांनी बाजारात जाणे होय.

दुसरे, भूमिहीन मजुरांचा पऱ्हाटीवरचा रूढीचा हक्क ठरावाच्या रूपाने नोंदवून घ्यावा. तो कोणत्याही सातबाऱ्यावर नाही. म्हणूनच तो सर्वांत आधी जाईल. वनहक्कांचा कायदा व्हायला २००६ साल उजाडावे लागले, कारण त्याआधी जे हक्क कागदावर नव्हते ते अस्तित्वातच नव्हते असे मानले गेले. तीच चूक शेताच्या धुऱ्यावर पुन्हा होऊ नये.

तिसरे, भट्टीचे पहिले गिऱ्हाईक आपल्या तालुक्यातच शोधावे. पांढरकवड्यात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. त्याच्या क्षेत्रात आश्रमशाळा आणि वसतिगृहे आहेत. तेथील मोठ्या स्वयंपाकघरांत पऱ्हाटीच्या तुकड्यांवर चालणारी, धुरांडे असलेली बंदिस्त भट्टी बसावी, अशी मागणी करावी. नागपूर-हैदराबाद महामार्गावरची हॉटेले, सरकी तेलाचे घाणे, डाळ मिल यांना लागणारी उष्णता हे दुसरे गिऱ्हाईक. इतक्या जवळ गोळ्या करण्याचीही गरज नाही. वाळवून तुकडे केले तरी पुरे. यंत्राचा खर्च तेवढाच कमी.

चौथे, हे काम करणारी सहकारी संस्था असावी आणि तिच्यात शेतकऱ्याबरोबर मजूर स्त्रिया पूर्ण हक्काच्या सभासद असाव्यात. शेतकऱ्याचे भागभांडवल पऱ्हाटी, मजुराचे श्रम. मोजणी धुऱ्यावर व्हावी, पैसे पंधरवड्याच्या आत मिळावेत, आणि सभासदाच्या चुलीचा वाटा आधी बाजूला काढून मगच विक्री व्हावी. संस्थेने पहिल्या वर्षी घ्यायची वस्तू पेलेटचे यंत्र नव्हे. चांगली चूल आणि ती दुरुस्त करणारा गावचाच एक शिकलेला माणूस.

पाचवे, या सर्वांतून जे उरेल ते वीज केंद्राला जरूर विकावे. त्याला आपला विरोध नाही. पण तो करार संस्थेने करावा, अडत्याने नव्हे, आणि तो गावाच्या शिलकीवर असावा, गावाच्या गरजेवर नव्हे.

हे सारे लहान वाटेल. दोन हजार नऊशे मेगावॉटच्या समोर शंभर मुलांच्या स्वयंपाकाची भट्टी म्हणजे काय, असे कोणी विचारील. परंतु ज्या व्यवस्थेत दहा हजार घरांची चूल निम्म्या सरपणात जळते, तिने दरवर्षी नऊ हजार टन इंधन निर्माण केलेले असते, तेही एक झाड न तोडता आणि एक खाण न खोदता. कोणत्याही वीज प्रकल्पाच्या कोनशिलेवर हा आकडा कोरला जाणार नाही. तो मोजण्याची व्यवस्था आपल्यालाच करावी लागेल.

त्या बैठकीनंतर त्या गावात पुन्हा जाण्याचा योग आला. ती बाई भेटली नाही. कामाला गेली होती. तिच्या घरामागे पऱ्हाटी रचलेली होती, वर जुने प्लॅस्टिक टाकून दगड ठेवलेले. तो ढीग कोणाच्या मालकीचा, हे गावात कोणालाही विचारले असते तर त्याने क्षणभरही न थांबता सांगितले असते. प्रश्न एवढाच आहे, की पुढच्या वर्षी दिल्लीत, मुंबईत किंवा चंद्रपुरात कोणी विचारले, तर तेच उत्तर मिळेल, अशी तजवीज आपण आतापासून करणार आहोत की नाही.